अनुशेषाची मोजणी आणि विकासाचे उद्दिष्ट : महाराष्ट्रातील प्रादेशिक नियोजनाच्या इतिहासातील एक प्रकरण

एखाद्या मागास प्रदेशाचा विकास व्हावा ही इच्छा आणि त्या प्रदेशाच्या विकासाचे उद्दिष्ट ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इच्छा ठरावात व्यक्त होते. उद्दिष्टाला मात्र माप लागते, मुदत लागते आणि ते पार पाडण्यास बांधलेली यंत्रणा लागते. महाराष्ट्र राज्याच्या घडणीपासून प्रादेशिक समतोलाचा विचार जितका झाला तितका भारतातील फार थोड्या राज्यांत झाला असेल. करार झाले, संविधानात तरतूद झाली, तज्ज्ञ समित्यांनी आकडेवार अहवाल सादर केले. तरीही अपेक्षित फळ पदरात पडले नाही. ह्याची कारणे सांगताना राजकीय दुष्टाव्याकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. त्यात तथ्यांश नाही असे नव्हे. परंतु उद्दिष्ट कोणत्या शब्दांत मांडले गेले आणि कोणत्या मापाने मोजले गेले, ह्याचा इतिहास पाहिला असता निराळेही काही हाती लागते.

ह्या इतिहासाचा आरंभ महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या बराच आधी शोधावा लागतो. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आला. १९०२ साली निजामाने सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने दिला आणि पुढे त्याचा कारभार मध्यप्रांताशी जोडला गेला. कापसाच्या व्यापाराने वऱ्हाडचा महसूल भरघोस होता, तर मध्यप्रांताचे अनेक जिल्हे खर्चाला महाग होते. वऱ्हाडचा पैसा नर्मदेच्या खोऱ्यात खर्च होतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. तिच्यावर उपाय म्हणून जे 'सिम सूत्र' पुढे आले, त्याने विभाज्य खर्चापैकी दोन-पंचमांश वाटा वऱ्हाडास मिळावा असे सुचविले. सूत्राचा अंमल किती काटेकोरपणे झाला हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, प्रदेशावरील अन्यायाचे माप खर्चाच्या खातेवहीत शोधावयाचे आणि त्याचे निवारण ठराविक हिश्शाने करावयाचे, ही विचाराची रीत ह्या भूमीत तेव्हाच रुजली. पुढील सर्व करारमदारांवर तिची छाया आहे.

ऑगस्ट १९४७ मधील अकोला करारात ती दिसते, आणि २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात तर ती कलमाकलमांतून स्पष्ट होते. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे, गोपाळराव खेडकर, देवीसिंह चौहान प्रभृती नेत्यांनी मान्य केलेल्या ह्या करारात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन घटक कल्पिले होते. शासकीय खर्चाची वाटणी त्या त्या घटकाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष पुरविले जावे, ह्याचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे यावा, शिक्षणसंस्थांतील प्रवेशांत आणि सरकारी नोकऱ्यांतही लोकसंख्येचे प्रमाण सांभाळले जावे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरास असावे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन प्रतिवर्षी तेथे भरावे, अशी त्यातील मुख्य कलमे होत.

करार बारकाईने वाचला तर त्यात दोन तत्त्वे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा हे एक. ते वाटणीचे तत्त्व आहे. एकत्र कुटुंबात नव्याने येणाऱ्या भावाने आपला हिस्सा निश्चित करून घ्यावा तशी त्याची जात. मराठवाड्याकडे विशेष लक्ष हे दुसरे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी अंमल संपला तेव्हा त्या पाच जिल्ह्यांत शाळा, रस्ते, दवाखाने ह्यांची जी स्थिती होती, ती पाहता केवळ लोकसंख्येइतका वाटा मिळून तेथील उणीव कधीच भरून निघाली नसती. म्हणून तेथे गरजेचे तत्त्व आले. वाटा आणि गरज ह्या तत्त्वांचा मेळ कसा घालावयाचा, हे मात्र करारात कोठेच सांगितलेले नाही. 'विशेष लक्ष' म्हणजे किती रुपये आणि किती वर्षे, ह्याचा उल्लेख नाही. करार करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यापुढील प्रश्न एकत्र येण्याचा होता. नियोजनाचा नव्हता.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले होते. ते न होता १९५६ साली विशाल द्वैभाषिक अस्तित्वात आले, आणि सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये प्रादेशिक तरतूद समाविष्ट झाली. १ मे १९६० नंतर हीच तरतूद महाराष्ट्र व गुजरात ह्या दोन्ही राज्यांपुरती कायम राहिली. राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवून विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र ह्यांच्यासाठी पृथक् विकास मंडळे स्थापावीत, विकासखर्चाचे समन्यायी वाटप व्हावे, तांत्रिक शिक्षण व नोकऱ्या ह्यांबाबत पुरेशी सोय व्हावी, असा तिचा आशय होता.

येथे एक शब्दबदल ध्यानात घेण्याजोगा आहे. नागपूर करारातील 'लोकसंख्येच्या प्रमाणात' हे मोजता येणारे माप जाऊन त्याच्या जागी 'समन्यायी' हे विशेषण आले, आणि तेही 'सबंध राज्याच्या गरजा सांभाळून' ह्या अटीसह. विशेषण उदार होते. त्याची बेरीज-वजाबाकी मात्र करता येत नव्हती. शिवाय तरतूद अनुज्ञापक होती. राष्ट्रपतींना आदेश काढता येईल असे तिने म्हटले, काढलाच पाहिजे असे म्हटले नाही. परिणामी १९५६ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सुमारे अडतीस वर्षे, महाराष्ट्रात एकही वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले नाही.

मधल्या काळात शासनाने प्रादेशिक विकासाकडे सर्वस्वी पाठ फिरविली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. त्याच वर्षी औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि मुंबई-ठाणे पट्ट्याबाहेर कारखाने जावेत म्हणून १९६४ पासून सवलतींची योजना आली. १९७४ च्या सुमारास जिल्हा नियोजनाची व्यवस्था उभी राहिली आणि जिल्ह्यांना द्यावयाच्या निधीच्या सूत्रात लोकसंख्येला सर्वांत मोठे वजन मिळाले. १९६९ साली केंद्राने राज्यांना द्यावयाच्या साहाय्यासाठी धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या नावाचे जे सूत्र मान्य केले, त्यातही लोकसंख्येचा भार साठ टक्के होता. त्या काळी समन्यायाचा सर्वमान्य अर्थ लोकसंख्या असाच होता, असे दिसते.

ह्या अर्थाला छेद दिला तो १९८३ साली वसंतदादा पाटील ह्यांच्या मंत्रिमंडळाने नेमलेल्या सत्यशोधन समितीने. प्रा. वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते. नीलकंठ रथ ह्यांच्यासमवेत १९७१ साली भारतातील दारिद्र्याची मोजणी करणाऱ्या ह्या अर्थशास्त्रज्ञाने येथे प्रदेशांच्या दारिद्र्याची मोजणी हाती घेतली. दोन्ही कामांची जातकुळी एक आहे. प्रथम एक किमान रेषा ठरवावयाची, मग त्या रेषेखाली कोण आणि किती खाली आहे हे काढावयाचे, आणि शेवटी ती तूट भरून काढण्यास किती पैसा लागेल ते सांगावयाचे. एप्रिल १९८४ च्या अहवालात समितीने रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, मृदसंधारण, पशुवैद्यक सेवा इत्यादी क्षेत्रे घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी हीच रेषा मानली. त्या सरासरीहून जो जिल्हा खाली असेल त्याची तूट मोजून तिला चालू दराने किंमत लावली. ह्या किमतीला नाव मिळाले 'अनुशेष'.

एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यांपैकी विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. शेवटचा आकडा अनेकांना अनपेक्षित वाटला. ज्या प्रदेशावर साऱ्यांचा वाटा गिळल्याचा आरोप होता, त्याच्याच खात्यावर सदतीस टक्के अनुशेष निघाला. कारण समितीने प्रदेश हा घटक न मानता जिल्हा हा घटक मानला. रत्नागिरी आणि कोल्हापूर, धुळे आणि पुणे ही नावे एकाच प्रदेशात मोडत असली तरी त्यांची स्थिती एक नव्हती, ही गोष्ट करारकर्त्यांना सोयीस्करपणे विसरता आली होती. सांख्यिकाला ती विसरता येईना.

दांडेकर समितीच्या मापाचे मोल मोठे आहे. तीस वर्षे भाषणांत वावरणारी तक्रार तिने विधिमंडळाच्या मेजावर ठेवता येईल अशा आकड्यात आणली, आणि ह्यानंतर अंदाजपत्रकात अनुशेषासाठी निराळी तरतूद दाखविण्याची पद्धत पडली. तथापि मापाबरोबर त्याच्या मर्यादाही आल्या, आणि त्या पुढे उद्दिष्टाच्याच मर्यादा झाल्या. एक तर सरासरी ही रेषा स्थिर नसते. पुढे असलेला जिल्हा आणखी पुढे गेला की सरासरी वर सरकते आणि मागचा जिल्हा जागच्या जागी राहूनही अधिक मागे पडतो. म्हणून अनुशेष एका विशिष्ट तारखेला गोठवावा लागतो. गोठविलेला अनुशेष भरून निघाला तरी तोवर नवा तयार झालेला असतो, आणि तो कोणाच्या खात्यावर लिहावयाचा हा वाद उरतो. दुसरे असे की, समितीने मोजल्या त्या सोयी होत्या. रस्त्याची लांबी, दवाखान्यांची संख्या, सिंचनाची क्षमता ह्या गोष्टी मोजल्या गेल्या. लोकांचे उत्पन्न, शेतीची उत्पादकता, कारखान्यांतील रोजगार मोजले गेले नाहीत. शासनाची जबाबदारी ज्या गोष्टींपुरती थेट आहे तेवढ्याच मोजाव्या, ही भूमिका समर्थनीय आहे. परंतु सोयी पुरविल्या म्हणजे विकास झाला, हा समज त्यातून नकळत बळावला.

सर्वांत मोठा भाग पाटबंधाऱ्यांचा होता. एकूण अनुशेषाच्या दोन-पंचमांशाहून अधिक रक्कम त्या एकाच क्षेत्राची होती. निरनिराळ्या पिकांना निरनिराळे पाणी लागते म्हणून सिंचनक्षमता रब्बी ज्वारीच्या प्रमाण हेक्टरांत मोजली गेली. एक हेक्टर ऊस म्हणजे कित्येक हेक्टर रब्बी ज्वारी, असा हा हिशेब. माप न्याय्य होते. मात्र त्यामुळे प्रादेशिक न्यायाचा सारा प्रश्न धरणे आणि कालवे ह्यांच्या बांधकामाशी बांधला गेला. नेमके ह्याच क्षेत्रात त्या काळी दुसरे एक उद्दिष्ट राज्यापुढे उभे होते.

हे दुसरे उद्दिष्ट कृष्णेच्या पाण्याचे. न्या. बच्छावत ह्यांच्या लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट, कर्नाटकाला ७०० अब्ज आणि आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट पाणी दिले, आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल असे ठरविले. त्या तारखेपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडविले व वापरले नाही तर फेरविचारात हक्क दुबळा होईल, ही भीती राज्यकर्त्यांच्या मनात होती. तीतून १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि कर्जरोख्यांच्या द्वारे अंदाजपत्रकाबाहेरून पैसा उभा करण्याचे अधिकार त्याला मिळाले. टेंभू, ताकारी-म्हैसाळ, उरमोडी ह्यांसारख्या योजनांना वेग आला. विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी खोरे ह्यांच्यासाठी अशीच महामंडळे १९९७-९८ मध्ये निघाली, पण मागाहून.

ही दोन उद्दिष्टे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. अनुशेषाला माप होते. कृष्णेच्या पाण्यालाही माप होते. पण कृष्णेच्या पाण्याला तारीख होती, आणि ती तारीख राज्याबाहेरच्या निवाड्याने ठरविलेली असल्याने पुढे ढकलता येण्याजोगी नव्हती. त्यासाठी स्वतंत्र महामंडळ होते, त्याला स्वतःचा पैसा होता आणि काम न झाल्यास नुकसान कोणाचे हे स्पष्ट होते. अनुशेषाच्या बाबतीत तारीख नव्हती. यंत्रणा म्हणजे तेच खाते, ज्याच्या पूर्वीच्या कारभारातून अनुशेष निर्माण झाला होता. अशा स्पर्धेत पैसा कोणीकडे वाहील हे सांगण्यास कोणाच्या कपटाचे गृहीतक करावे लागत नाही. अर्थात् कृष्णाकाठाला राजकीय बळही होते, आणि त्या बळाने तारखेचा पुरेपूर उपयोग करून घेतला, हेही नाकारता येत नाही. त्याचबरोबर माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हे तालुके कृष्णा खोऱ्यातलेच असून पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी होते, हेही विसरता कामा नये. जिल्हा-सरासरी त्यांची तहान झाकून टाकीत होती.

१९८४ च्या जुलैत विधिमंडळाने वैधानिक मंडळांची मागणी करणारा ठराव केला होता. तीवर राष्ट्रपतींचा आदेश निघण्यास ९ मार्च १९९४ उजाडला आणि त्या वर्षीच्या १ मे पासून तीन मंडळे अस्तित्वात आली. मंडळांना खर्चाचा अधिकार नव्हता. पाहणी करणे, शिफारस करणे, अहवाल देणे एवढेच त्यांचे काम. खरा अधिकार राज्यपालांच्या हाती आला, कारण विकासनिधीच्या प्रादेशिक वाटपाबाबत ते आता निर्देश देऊ शकत होते. त्यांच्या साहाय्यासाठी १९९५ साली निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली. १ एप्रिल १९९४ ही तारीख धरून तिने २००० साली जो अंतिम हिशेब दिला, त्यात एकूण अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये होता. विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी.

दांडेकर समितीच्या रकमेशी ह्या रकमेची सरळ तुलना करणे चुकीचे ठरेल. मधल्या दशकात बांधकामाचे दर कितीतरी वाढले होते. तुलना हिश्शांची करावी. विदर्भाचा हिस्सा ३९ टक्क्यांवरून सुमारे ४७ वर गेला, मराठवाड्याचा साडेतेवीसवरून साडेअठ्ठावीसच्या पुढे, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ वरून २४ वर उतरला. अनुशेष दूर करण्याच्या घोषित धोरणाच्या दशकात उर्वरित महाराष्ट्रातील मागे राहिलेले जिल्हे अधिक त्वरेने सावरले, आणि तुटीचे ओझे उरलेल्या दोन प्रदेशांवर अधिकाधिक साचले, असा ह्या आकड्यांचा अर्थ लावावा लागतो.

डिसेंबर २००१ मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर ह्यांच्यापासून वार्षिक निर्देशांची परंपरा सुरू झाली. आता वाटपाला कायद्याचे पाठबळ होते. पुढील दशकात पाटबंधाऱ्यांखेरीज इतर क्षेत्रांतील अनुशेष क्रमाने भरून निघाल्याचे जाहीर झाले. पाटबंधाऱ्यांपुरता मात्र शासकीय लिखाणात एक विलक्षण शब्दभेद रूढ झाला. 'आर्थिक अनुशेष' संपला, 'भौतिक अनुशेष' शिल्लक राहिला. म्हणजे १९९४ साली ठरलेली रक्कम खर्च झाली, पण तिच्यातून जेवढे क्षेत्र भिजावयाचे तेवढे भिजले नाही. उद्दिष्ट रुपयांत मांडले की ते रुपये खर्चून पूर्ण होते, ह्याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण.

हा भौतिक अनुशेष प्रामुख्याने राहिला तो अमरावती विभागातील अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम ह्या जिल्ह्यांत. ह्याची कारणे केवळ कार्यालयीन नव्हेत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ह्याच भागात पसरला आहे. तेथील भूजल खारे, जमीन खोल काळी आणि पाण्याचा निचरा न करणारी. अशा भूमीवर कालव्याचे पाणी सोडणे म्हणजे योग्य निचऱ्याअभावी क्षार वर आणण्यासारखे आहे, आणि विहिरीचे पाणी तर पिकाला चालतच नाही. 'राज्याच्या सरासरीइतके सिंचन' हे उद्दिष्ट ह्या मातीला विचारून ठरलेले नव्हते. तेथे शेततळी, मृदसंधारण आणि कोरडवाहू कापूस-ज्वारीची सुधारलेली पद्धत ह्यांतून काय साधेल, हा प्रश्न अनुशेषाच्या रकान्यात बसत नसल्याने मागे राहिला.

पूर्व विदर्भात पाण्याची टंचाई नव्हती, तरी तेथील अनुभव वेगळा नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचा अंदाज १९८३ साली ३७२ कोटी रुपयांचा होता. १९८८ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. अडीच लक्ष हेक्टर भिजविण्याची अपेक्षा होती. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झाला. तोवर अंदाज अनेक पटींनी वाढला होता, आणि पायाभरणीनंतर तीन दशके उलटली तरी कालव्यांचे जाळे पुरे झाले नव्हते. त्या तीन दशकांत ह्या प्रकल्पावरील प्रत्येक रुपया अनुशेष-निर्मूलनाच्या खात्यावर जमा दिसत होता.

२०११ साली डॉ. विजय केळकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली नवी उच्चस्तरीय समिती नेमली गेली. तिचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये शासनास मिळाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला. अनुशेषाची कल्पना मागे टाकून ह्या समितीने उद्दिष्टाची भाषाच बदलली. सोयींची तूट न मोजता दरडोई उत्पन्नातील अंतर मोजावे, ते २०२७ पर्यंत मिटविण्याचे ध्येय ठेवावे आणि पाण्याच्या बाबतीत जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरावा, असे तिचे प्रतिपादन होते. तालुका घटक मानताच जतची तहान सांगलीच्या सरासरीत बुडेनाशी होते, आणि खारपाणपट्ट्यालाही स्वतःचे नाव मिळते. ध्येयाला प्रथमच वर्ष जोडले गेले, ही गोष्टही नोंदण्यासारखी आहे. परंतु सोयी पुरविणे शासनाच्या हाती असते, उत्पन्न निर्माण करणे तितकेसे नसते. दांडेकर समितीच्या मापाने जी जबाबदारी एखाद्या खात्यावर नेमकी ठेवता येत होती, ती केळकर समितीच्या मापाने कोणावर ठेवावयाची, ह्याचे उत्तर त्या अहवालातूनही सहज निघत नाही. विदर्भातील अनेक प्रवक्त्यांनी अहवालाला केलेला विरोध ह्याच संशयातून होता. अनुशेष ही निदान वसूल करता येणारी थकबाकी होती, आणि ती माफ केल्याखेरीज नवे माप लागू होणार नाही, असे त्यांना वाटले.

वैधानिक मंडळांची मुदत पाच वर्षांची होती. ती वेळोवेळी वाढविली गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्या दिवसापर्यंत १ एप्रिल १९९४ च्या हिशेबातील सिंचनाचा काही भाग अमरावती विभागाच्या नावे शिल्लकच होता.